किराणा दुकानाची बाकी : ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या एका वसतिगृहाचे बारा वर्षांचे हिशोब

बीड जिल्ह्यातील एका लहान गावी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या वसतिगृहाला मी २०१२ पासून देणगी देत आले आहे, आणि तेव्हापासून संस्थेने पाठवलेला प्रत्येक वार्षिक अहवाल मी जपून ठेवला आहे. नोकरीची तीस वर्षे लेखा विभागात गेल्यामुळे अहवालातील छायाचित्रांपेक्षा शेवटच्या चार पानांकडे माझे लक्ष आधी जाते. गेल्या महिन्यात २०१२-१३ ते २०२३-२४ या बारा वर्षांचे ताळेबंद मी एकापुढे एक मांडून वाचले, आणि देणगी देऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही संस्था कशी आहे हे लिहावे असे ठरवले. पुढे तिच्या चुकाही सांगायच्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक तिने सुधारल्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव मी देत नाही. अशाच आकाराच्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेचे हिशोब वाचताना हे निरीक्षण उपयोगी पडावे.

प्रथम कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण हिशोबाचा आकार त्यावरूनच ठरतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना तिकडे ‘कोयता’ असेच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपल्यावर परततात. या मधल्या पाच-सहा महिन्यांत मुलांची शाळा बुडू नये म्हणून वसतिगृह. म्हणजे खर्चाचा मोठा भाग ऑक्टोबर ते मार्च या काळात होतो. देणग्यांचे तसे नाही. त्यांचा सर्वांत मोठा ओघ मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात येतो, कारण करसवलतीची पावती ३१ मार्चच्या आतली लागते. संस्थेचे खजिनदार, जे निवृत्त शिक्षक आहेत, मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “ताई, मुलं दिवाळीला येतात आणि पैसे शिमग्याला.” बारा वर्षांचे हिशोब वाचून झाल्यावरही या संस्थेच्या अडचणीचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही.

खर्च आणि देणग्या यांच्या मधले हे महिने कोण निभावतो, हे ताळेबंदाच्या डाव्या बाजूस ‘देणी’ या शीर्षकाखाली दिसते. २०१२-१३ च्या अखेरीस तेथे किराणा दुकानदाराची बाकी १ लाख १२ हजार रुपये आहे. त्या वर्षी मुले २८ होती आणि संस्थेचा एकूण खर्च ५ लाख ९० हजार होता, म्हणजे वर्षाच्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका दुकानदाराने बिनव्याजी पुरवलेला होता, आणि तोही मार्चमधील देणग्या येऊन गेल्यानंतर उरलेला. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही आणि लहान संस्थेला त्या वाटेने जाणे जमतही नाही, त्यामुळे उधारी हाच एक मार्ग उरतो. देणगीदारांच्या यादीत त्या दुकानदाराचे नाव कधीच छापले गेले नाही. माझ्या मते त्या काळात तोच संस्थेचा सर्वांत मोठा आधार होता, आणि संस्थेची प्रकृती जोखण्यासाठी मी दरवर्षी सर्वांत आधी हीच एक ओळ पाहते.

ही ओळ सर्वांत जास्त फुगली ती २०१५-१६ मध्ये. तेव्हा बाकी १ लाख ९० हजारांवर गेली आणि उत्पन्न-खर्च पत्रकात १ लाख ३५ हजारांची तूट दिसली. नुसत्या आकड्यांवरून पाहणाऱ्याला वाटले असते की स्वयंपाकघरात उधळपट्टी झाली, कारण मुले फक्त ३१ असताना अन्नखर्च मागील वर्षाच्या दीडपट झाला होता. खरे कारण वेगळे होते. तोपर्यंत आसपासच्या गावांतून ज्वारी, बाजरी आणि तुरीची पोती येत असत, आणि ती धान्याच्या रूपाने आलेली देणगी हिशोबात कोठेही नोंदली जात नव्हती. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी संस्थेचा अन्नखर्च कागदावर कमी दिसे. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या घरीच धान्य नव्हते, तूरडाळ त्या वर्षी बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत पोहोचली होती, आणि वसतिगृहाला पाण्याचे टँकरही विकत घ्यावे लागले. आधीच्या वर्षांत लोकांनी किती दिले होते, हे लोकांना देता येईनासे झाले तेव्हाच कळले. यानंतर संस्थेने धान्याची साठा नोंदवही सुरू केली, आणि आता अहवालात ‘वस्तुरूपाने मिळालेली मदत’ या मथळ्याखाली क्विंटलमध्ये आकडे आणि बाजारभावाने केलेली किंमत असे दोन्ही दिले जाते. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. ज्या संस्थेला धान्य, कपडे, वह्या मिळतात आणि अहवालात त्यांचा उल्लेख नसतो, तिचा दरमुलामागील खर्चाचा आकडा मी गृहीत धरत नाही.

पुढची चूक मात्र संस्थेची आणि तिच्या त्या वेळच्या लेखापरीक्षकांची, दोघांचीही होती, आणि तिचे परिणाम दोन-तीन वर्षे भोगावे लागले. २०१४ पासून कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे आले, आणि त्यातून २०१६-१७ मध्ये एका कंपनीने या संस्थेला इमारतीसाठी १४ लाख रुपये दिले. ही रक्कम ताळेबंदात ‘इमारत निधी’ म्हणून अंकित निधीत, म्हणजे ठरावीक कामासाठीच राखलेल्या निधीत, दाखवायला हवी होती. ती सरळ उत्पन्नात धरली गेली. इमारतीचा खर्च मालमत्तेत गेला, साहजिकच उत्पन्न-खर्च पत्रकात १३ लाखांहून अधिक शिल्लक दिसू लागली. प्रत्यक्षात ते पैसे विटा, सिमेंट आणि पत्र्यांत अडकलेले होते आणि बँकेच्या चालू खात्यात दीड महिन्याचाही खर्च नव्हता. अहवाल गेला आणि जिल्ह्यातील जुन्या देणगीदारांनी सहजपणे विचारले की तुमच्याकडे तेरा लाख शिल्लक असताना आमच्या पाच हजारांची गरज काय. त्या वर्षी व्यक्तिगत देणग्या स्पष्टपणे घटल्या. मी स्वतः पत्र लिहून खजिनदारांना हा मुद्दा कळवला होता. २०१८-१९ च्या हिशोबापासून नव्या लेखापरीक्षकांनी ही मांडणी दुरुस्त केली आणि अहवालात अर्ध्या पानाचा खुलासा दिला. लहान संस्थेचा अहवाल वाचणाऱ्याने म्हणून अनुसूची नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, एकटे वाचू नये. ते अनुसूची आठच्या, म्हणजे ताळेबंदाच्या, शेजारी ठेवूनच वाचावे, आणि ‘शिल्लक’ दिसली की ती रोख आहे, ठेवीत आहे की भिंतीत आहे एवढे विचारावे.

इमारत झाल्यावर मुलांची संख्या ३१ वरून ५२ झाली. वाढीव मुलांचा चालू खर्च त्याच कंपनीने २०१७-१८ पासून तीन वर्षे उचलला. २०१८-१९ मध्ये संस्थेच्या एकूण उत्पन्नापैकी ४६ टक्के या एका स्रोतातून आले. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या वर्षी आनंद होता, आणि तो अयोग्य होता असे मी म्हणणार नाही, कारण एकवीस मुलांना निवारा मिळाला होता. परंतु करार तीन वर्षांचा आणि पहिलीत घेतलेल्या मुलाची जबाबदारी दहा वर्षांची, हे गणित कोणीतरी मोठ्याने मांडायला हवे होते. करार ३१ मार्च २०२० रोजी संपला. त्याच आठवड्यात देशभर टाळेबंदी होती.

त्या दिवसाच्या ताळेबंदात मोकळेपणाने वापरता येईल अशी रक्कम ४ लाख १० हजार होती. वर्षाचा खर्च १७ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ४५ हजार, म्हणजे तीन महिन्यांपेक्षाही कमी. कायम निधी ८ लाखांचा होता, पण त्याला हात लावता येत नाही, फक्त व्याज वापरता येते. आणि व्याजाची स्थिती अशी की २०१३-१४ च्या सुमारास राष्ट्रीयीकृत बँका वर्षाच्या ठेवीवर जे नऊ टक्क्यांच्या आसपास देत होत्या ते २०२०-२१ मध्ये पाच टक्क्यांवर आले. आठ लाखांवर ७२ हजार मिळण्याऐवजी ४० हजार. हा ३२ हजारांचा फरक म्हणजे त्या वेळच्या दराने वसतिगृहाच्या अधीक्षिकेचे चार महिन्यांचे वेतन.

त्या वर्षी शाळा बंद, म्हणून वसतिगृहही बंद राहिले. संस्थेने कोणालाही कामावरून कमी केले नाही आणि आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांच्या घरी दरमहा शिधा पोहोचवला. खर्च अपेक्षेइतका कमी झाला नाही, उत्पन्न मात्र निम्म्यावर आले, आणि किराणा दुकानाची बाकी पुन्हा दीड लाखाच्या वर गेली. त्या काळातील अहवाल मी आजही इतरांना दाखवते, कारण त्यात संस्थेने तुटीचा आकडा पहिल्याच पानावर लिहिला आहे.

आता वेतनाविषयी, कारण माझा या संस्थेशी सर्वांत मोठा मतभेद याच विषयावर होता. संस्था अनेक वर्षे अभिमानाने छापत असे की तिचा प्रशासकीय खर्च केवळ सात टक्के आहे. देणगीदारांना हा आकडा आवडतो, हे मी नाकारत नाही. मीही पहिल्या वर्षी त्यावरच भाळले होते. पण तो कमी का होता हे पाहू लागल्यावर मला वाईट वाटले. अधीक्षिकाबाई, ज्यांना सगळी मुले मावशी म्हणतात, २०१२-१३ मध्ये दरमहा ६,००० रुपयांवर काम करत होत्या आणि २०१८-१९ मध्ये ८,००० रुपयांवर. सहा वर्षांत एक तृतीयांश वाढ, आणि त्याच काळात त्यांच्यावरील मुलांची संख्या जवळजवळ दुप्पट. रात्री ताप आलेल्या मुलाजवळ बसणे, शाळेत पालक म्हणून सही करणे, कारखान्यावरून आईचा फोन आला की मूल शोधून आणणे, हे सारे त्या एका वेतनात. संस्थेचा कमी प्रशासकीय खर्च हा त्या बाईंनी न घेतलेल्या पगारातून आलेला होता, आणि त्या अर्थाने कोठल्याही देणगीदारापेक्षा त्यांनीच संस्थेला अधिक दिले होते.

याच संदर्भात आणखी एक गणित सांगते. २०१२-१३ मध्ये दरमुलामागे हंगामाचा खर्च सुमारे २१ हजार रुपये येतो. २०२३-२४ मध्ये ५४ मुले आणि २० लाख ५० हजार खर्च, म्हणजे दरमुलामागे सुमारे ३८ हजार. खर्च वाढला असे वरवर वाटेल. पण २०१२ ला १०० मानून काढलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२३-२४ मध्ये १८० च्या पुढे होता, आणि २१ हजारांना त्या हिशोबाने वाढवले तर जवळजवळ तेच ३८ हजार येतात. म्हणजे बारा वर्षांत एका मुलावर होणारा खरा खर्च जागच्या जागी आहे. देणगीदारांनी ‘तुमचा खर्च फार वाढला’ असे म्हणण्याआधी हा भागाकार एकदा करून पाहावा.

२०२१-२२ पासून विश्वस्त मंडळाने वेतनाचा प्रश्न हाती घेतला हे मान्य केले पाहिजे. आज मावशींना १६,००० रुपये मिळतात, भविष्य निर्वाह निधी भरला जातो, आणि दुसऱ्या अधीक्षिकेची नेमणूक झाली आहे. शिवाय मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे वेतन आता ‘प्रशासन’ या शीर्षकात न दाखवता ‘मुलांच्या देखभालीचा खर्च’ म्हणून दाखवले जाते, आणि प्रशासनात लेखापरीक्षण शुल्क, टपाल, दूरध्वनी, प्रवास आणि एका अर्धवेळ हिशोबनिसाचे मानधन एवढेच राहते. तरीही हा आकडा १२ टक्क्यांवर गेला आहे. मला हा १२ टक्क्यांचा अहवाल सात टक्क्यांच्या अहवालापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण हिशोबनीस आल्यापासून पावती आठ दिवसांत येते आणि खतावणी दर तीन महिन्यांनी पूर्ण होते.

पावत्यांबाबत पूर्वीचा अनुभव चांगला नव्हता. २०२१-२२ या वर्षापासून प्रत्येक संस्थेला देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याकडे दहा-बीडी या विवरणपत्रात ३१ मेपर्यंत भरावी लागू लागली आणि त्यावरून निघणारे दहा-बीई हे प्रमाणपत्र असल्याशिवाय देणगीदाराला प्राप्तिकर कायद्याच्या ८०-जी कलमाखालील वजावट मिळेनाशी झाली. पहिल्या वर्षी संस्थेची यादी उशिरा भरली गेली, उशिराच्या प्रत्येक दिवसाला २०० रुपये शुल्क पडले आणि आमच्यापैकी अनेकांचे पॅन क्रमांक चुकीचे नोंदले गेले. मला स्वतःला दोनदा फोन करावा लागला. गावातील व्यापारी रोखीने देत आले आहेत, पण २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर वजावट मिळत नाही, हे त्यांना समजावण्यातही बराच काळ गेला. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होऊ लागल्यावर, जिच्यात ही वजावटच नाही, मार्चमधील काही देणग्या थांबल्या. जे उरले ते पावतीसाठी देणारे नव्हते, असे खजिनदार म्हणतात आणि मला ते पटते.

एका प्रसंगी संस्थेवरचा माझा विश्वास वाढला तो तिने पैसे नाकारल्यामुळे. माझ्या एका नातलगाने, जो आता अमेरिकेचा नागरिक आहे, मोठी रक्कम पाठवण्याची तयारी दाखवली होती. परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायची तर परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच यावी लागते. या संस्थेची तशी नोंदणी नाही. ‘इथल्या कोणाच्या नावावर पाठवा, आम्ही पावती करू’ असे सुचवणे सोपे होते, आणि ते कोणीही सुचवले नाही. भारतीय पारपत्र असलेला, परदेशी नोकरी करणारा मराठी माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, एवढी नेमकी माहिती त्यांनी पत्राने कळवली.

उणिवा अजून आहेत. खजिनदार पंच्याहत्तरीला आले आहेत आणि त्यांच्यानंतर कोण हे ठरलेले नाही. इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेपोटी कमी होणारी किंमत, दरवर्षी दाखवला जातो, पण त्याच्या बरोबरीची रक्कम ठेवीत बाजूला काढली जात नाही, त्यामुळे २०२३ च्या पावसाळ्यात पत्रे गळू लागले तेव्हा पुन्हा आवाहन करावे लागले. अहवाल संकेतस्थळावर नाही, मागितल्यावरच मिळतो. वापरता येण्याजोगी राखीव रक्कम आता साडेआठ लाख आहे, म्हणजे पाच महिने पुरेल. दुष्काळ आणि टाळेबंदी दोन्ही पाहिलेल्या संस्थेने किमान आठ महिन्यांचे लक्ष्य ठेवावे असे माझे मत आहे, आणि वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी खर्चण्याचा प्राप्तिकराचा नियम सांभाळूनही, उरलेल्या १५ टक्क्यांच्या मुभेतून ते हळूहळू साधता येईल.

पाचपैकी गुण द्यायचे तर हिशोबाच्या खरेपणाला मी साडेचार देईन, पावत्यांच्या सेवेला साडेतीन, आणि पुढच्या दहा वर्षांच्या तयारीला तीन. नव्याने देऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की एकदा गाळपाच्या हंगामात, शक्यतो जानेवारीत, तेथे जाऊन स्वयंपाकघर पाहावे आणि साठा नोंदवही मागावी. ती दाखवायला कोणी खळखळ करत नाही.

मी स्वतः चार वर्षांपूर्वी देण्याची पद्धत बदलली. मार्चमध्ये एकरकमी धनादेश पाठवण्याऐवजी बँकेला दरमहाची स्थायी सूचना दिली, आणि वर्षाची जास्तीची रक्कम ऑगस्टमध्ये देते, म्हणजे दिवाळीआधीचे धान्य रोखीने भरता येते. खजिनदारांनी हेच इतरांना सुचवले आणि आता चाळीसच्या वर देणगीदार दरमहा देतात. ३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदात किराणा दुकानाची बाकी ३४ हजार रुपये आहे. मुले २८ होती तेव्हा ती १ लाख १२ हजार होती. दुकान आता त्या दुकानदाराचा मुलगा चालवतो, आणि या वर्षीच्या अहवालात, पान सातवर, वडिलांचे नाव प्रथमच छापले आहे.